प्रश्न क्रमांक ३५

आमच्या काउंटरला काच होती आणि काचेखाली कागद सरकवायला चार बोटांची फट. खासगीपणा काय तो तेवढाच. आत मी, बाहेर विद्यार्थी आणि त्याच्या पाठीला चिकटून पुढचा विद्यार्थी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ही रांग दाराबाहेर पडून फी भरायच्या खिडकीच्या रांगेत मिसळायची. मग तासभर तिष्ठून पुढे आलेला माणूस विचारायचा, पार्किंगचा पास इथेच मिळतो ना?

मध्य न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या फिनान्शियल एड ऑफिसात मी सतरा वर्षं काढली. कॉलेजचं नाव सांगत नाही. लग्नाआधी मिरजेला बँकेत होते, त्यामुळे कागद, शिक्के आणि कावलेली गिऱ्हाइकं यांची सवय होती. इथे फक्त चहा वाईट.

काम साधं होतं. कॉलेजला जाणाऱ्या मुलाने सरकारचा ‘फाफ्सा’ नावाचा फॉर्म भरायचा. त्यावरून पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, किती, कर्ज किती, कॉलेजातच तासावर काम करून मिळणारे पैसे किती, हे ठरतं. २००१-०२ साली पेल ग्रँट वर्षाला जास्तीत जास्त ३,७५० डॉलर होती. आमच्यासारख्या कॉलेजची फी त्यात बसायची. ज्यांच्या घरी आईबापांनी पैसे बाजूला टाकलेले असत, त्यांना या फॉर्मचं फारसं अडत नसे. बाकीच्यांचं कॉलेज या फॉर्मवर सुरू व्हायचं किंवा अडायचं.

त्या फॉर्मवर पस्तिसावा प्रश्न होता: अमली पदार्थ बाळगल्याबद्दल किंवा विकल्याबद्दल तुम्हाला कधी दोषी ठरवलं आहे का? इंडियानाचे खासदार मार्क साउडर यांनी १९९८च्या उच्च शिक्षण कायद्यात ही तरतूद घालून घेतली आणि १ जुलै २००० पासून ती लागू झाली. जवळ बाळगल्याबद्दल पहिल्यांदा शिक्षा झाली तर त्या तारखेपासून एक वर्ष मदत बंद, दुसऱ्यांदा दोन वर्षं, तिसऱ्यांदा बेमुदत. विकल्याबद्दल पहिल्यांदाच दोन वर्षं, दुसऱ्यांदा बेमुदत. दारू यात येत नव्हती. दरोडा घालून, कुणाला भोसकून, शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाला फॉर्म त्याबद्दल एक अक्षर विचारत नव्हता. खिशात गांजाची सिगरेट सापडलेल्याला विचारत होता.

पहिल्या वर्षी हा प्रश्न कोरा सोडलेले फॉर्म पुढे जाऊ दिले होते. दुसऱ्या वर्षी तसं राहिलं नाही. कोरं उत्तर म्हणजे मदत थांबली.

तो सोमवार होता, २७ ऑगस्ट २००१. कॉलेज पुढच्या मंगळवारी उघडणार होतं आणि फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार. साडेदहाच्या सुमाराला एक उंच मुलगा आणि त्याची आई खिडकीशी आली. मुलाला मी इथे आंद्रे म्हणते. आईच्या अंगावर इस्पितळातल्या सफाईचा निळा डगला तसाच होता. रात्रपाळी संपवून ती सरळ इकडे आली होती, कारण मुलाचा गाडीचा परवाना रद्द होता. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी हललं. त्या काळी न्यू जर्सीत ड्रग्जच्या गुन्ह्यात शिक्षा झाली की परवानाही जायचा, गुन्हा गाडीत घडलेला असो वा नसो.

त्याने फटीतून सरकारकडून आलेला अहवाल आत सरकवला. पस्तिसाव्यापुढे उत्तर नव्हतं.

आता मला विचारायला हवं होतं. काचेतून, मागे वीसएक माणसं असताना. मी या प्रश्नाचं उत्तर ठरवायच्या वर्कशीटचा कागद घेतला, त्या ओळीवर पेन टेकवलं आणि कागद त्याच्याकडे फिरवला. बोलले काहीच नाही. त्याने वाचलं, आईकडे पाहिलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्युनिसिपल कोर्टाचा. पन्नास ग्रॅमपेक्षा कमी गांजा, गुन्हा कबूल, दंड. तारीख १७ ऑक्टोबर २०००.

मी त्याची जन्मतारीख पाहिली. पकडला तेव्हा त्याला अठरा पूर्ण होऊन पाच आठवडे झाले होते. त्याच्याआधी सापडला असता तर प्रकरण बाल न्यायालयात गेलं असतं आणि या प्रश्नासाठी धरलंच गेलं नसतं. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून काय करणार होता?

“गाडी माझी नव्हती,” तो म्हणाला. “मित्राची होती. पुडीही दोघांत होती. त्याच्या वडिलांनी वकील आणला. त्याने कंडिशनल डिस्चार्ज का काय ते मागितलं. मला ते माहीतच नव्हतं. कोर्टात म्हणाले, कबूल कर, दंड भर, घरी जा. आईची पाळी बुडत होती. मी कबूल केलं.”

कंडिशनल डिस्चार्ज ही न्यू जर्सीच्या कायद्यातली, पहिल्यांदा सापडलेल्यांसाठीची सोय आहे. खटला थांबवून ठेवतात, मुलाला काही महिने देखरेखीखाली ठेवतात, नीट वागला तर प्रकरण निकालात निघतं. दोषी ठरवलंच जात नाही. म्हणजे त्याच गाडीतला, त्याच पुडीतला दुसरा मुलगा पस्तिसाव्या प्रश्नाला खरंखुरं ‘नाही’ लिहू शकत होता. त्यालाही माझ्या शुभेच्छाच आहेत. पण एका रात्रीचे दोन निकाल लागले ते वकिलाच्या फीवरून.

मी वर्कशीट भरलं. पहिली शिक्षा, बाळगल्याबद्दल, एक वर्ष. १७ ऑक्टोबर २००१ पर्यंत अपात्र. मग काचेला तोंड जवळ नेऊन म्हणाले, “हे सेमिस्टर नाही मिळणार. जानेवारीत ये.”

मधे सुटायचा एकच रस्ता होता: मान्यताप्राप्त व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पुरा करायचा, त्यात न सांगता घेतलेल्या दोन चाचण्या पास व्हायच्या. तेही सांगितलं. आईने विचारलं, “त्याला किती खर्च येतो?” मग तिनेच मान हलवली. “पण हा व्यसनी नाहीये, मॅडम. ज्याला व्यसन नाही त्याचं काय सोडवणार ते?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ती आणखी खालच्या आवाजात म्हणाली, “नुसतं ‘नाही’ लिहिलं असतं, तर कुणाला कळलं असतं?”

खरं सांगायचं तर कुणाला कळलं नसतं. सगळा मामला मुलाच्या सांगण्यावर चालायचा. गावोगावच्या म्युनिसिपल कोर्टांचे निकाल कुणी आमच्या फॉर्मशी ताडून पाहत नव्हतं, आणि हे ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत होतं. खोटं लिहिलं तर दंड, तुरुंग किंवा दोन्ही, असं फॉर्मवर छापलेलं होतं, पण पकडला जायचा तो बहुतेक खरं लिहिणाराच. मी म्हणाले, “फॉर्मवर सही असते.” ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. तिला हवं ते उत्तर तिला मिळालं होतं, मी दिलं नव्हतं तरी.

दोघं गेले. पुढचा आला. त्याला पार्किंगचा पास हवा होता.

दुपारी डबा उघडला, पण तारीख डोक्यातून जाईना. १७ ऑक्टोबर. सेमिस्टर तर डिसेंबरपर्यंत चालतं. मग वर्षाच्या मधे पात्र झालेल्याचं काय करायचं, हे कुठेतरी लिहिलेलं असणारच. वर्कशीटवरही तीन आकडे होते: १ म्हणजे पूर्ण वर्ष पात्र, २ म्हणजे वर्षात मधेच पात्र होणार, ३ म्हणजे अपात्र. २ हा आकडा उगीच छापला नसणार. सरकारचं जाडजूड हँडबुक काढलं, भाजी गार झाली, आणि सापडलं: विद्यार्थी वर्षाच्या मधे पुन्हा पात्र झाला, तर ज्या सेमिस्टरमध्ये तो पात्र होतो त्या सेमिस्टरची पेल ग्रँट त्याला देता येते. सतरा तारखेनंतरची नव्हे, त्या अख्ख्या सेमिस्टरची.

म्हणजे मी त्याला चुकीचं सांगितलं होतं. नियम कडक होताच, मी तो आणखी कडक करून फटीतून बाहेर सरकवला होता. कोरा कागद पाहून, कोर्टाचा कागद पाहून, रांग पाहून, माझं मीच ठरवून टाकलं की मिळणार नाही.

ऑक्टोबरात पैसे येतील, पण फी या शुक्रवारी भरायची होती. न भरणाऱ्याचं नाव वर्गातून आपोआप निघतं. मी फीच्या विभागातल्या बाईंकडे गेले आणि आठ आठवड्यांची मुदत मागितली. तिने विचारलं, कशामुळे उशीर? कारण सांगायची मला मुभा नव्हती. “पात्रतेची तारीख ऑक्टोबरात आहे,” एवढंच म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं, फॉर्म पाहिला आणि सही केली. तिचा मुलगा कुठे शिकतो ते मी कधी विचारलं नाही.

तीनला फोन केला. आई झोपली असणार, रात्रपाळीची माणसं दुपारी झोपतात. मशीनवर निरोप ठेवला. मंगळवारी पुन्हा, बुधवारी पुन्हा. गुरुवारी आंद्रेने स्वतः उचलला. टर्नपाइकच्या आठ-ए एक्झिटजवळच्या गोदामात त्याला काम लागलं होतं, शेजाऱ्याच्या गाडीतून जायची सोय झाली होती. “मिस, तुम्ही जानेवारी म्हणाला होतात,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी नियम समजावला. तो म्हणाला, “आणि ऑक्टोबरात नाही आले पैसे तर? ते बिल कुणाच्या नावावर?”

त्याचं बरोबर होतं. सोमवारी ज्या बाईने ठामपणे ‘नाही’ सांगितलं, तिच्या गुरुवारच्या ‘हो’वर कोण फी डोक्यावर घेईल?

त्या शनिवारी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन होतं. जेवणाच्या पंगतीत मी कुणाचंही नाव न घेता या कायद्याचा विषय काढला. एक ओळखीचे गृहस्थ पुरी मोडता मोडता म्हणाले, “कायदा योग्यच आहे. आपल्या करातून गंजेट्यांना का शिकवायचं? आणि वहिनी, आपल्या मुलांना कुठे फरक पडतो?” शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. आपल्यातल्या बहुतेक घरांत पेल ग्रँट लागत नाही, आणि वेळ आलीच तर ओळखीतला वकील असतो. घरी आल्यावर सगळे झोपले तेव्हा मी आमच्या सतरा वर्षांच्या चिरंजीवांच्या गाडीतला समोरचा कप्पा उघडून पाहिला. च्युइंगगम, पेट्रोलच्या पावत्या, एक मोजा. एकच मोजा का, हे आजपर्यंत कळलेलं नाही.

पुढे कायदा सैल होत गेला. खुद्द साउडरही सांगत होते की मदत घेत असताना गुन्हा करणाऱ्यांपुरताच हा नियम त्यांना हवा होता, जुन्या शिक्षा धरणं हा त्यांचा हेतू नव्हता. तशी दुरुस्ती २००६ मध्ये झाली. त्या दुरुस्तीने आंद्रे सुटला असता, कारण पकडला तेव्हा तो शाळेत होता, कुठलीच मदत घेत नव्हता. दरम्यान सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब काढला होता: २००३-०४ या एका वर्षात सुमारे ४१,००० अर्जदार या प्रश्नामुळे अपात्र ठरले. घरी बसून ‘आपल्याला मिळणारच नाही’ म्हणत ज्यांनी फॉर्मच भरला नाही, ते यात नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये संसदेने ही अटच काढून टाकली आणि २०२३-२४ च्या फॉर्मवरून प्रश्न गेला. तोवर न्यू जर्सीत प्रौढांना थोडा गांजा बाळगणं कायदेशीर झालं होतं. मी निवृत्त झाले होते.

आंद्रे जानेवारीत आला. खरंच आला. खिडकीशी रांग नव्हती, बाहेर बर्फ पडत होतं. गोदाम रात्रीचं करून दिवसा दोन विषय घ्यायचं त्याने ठरवलं होतं. त्या सेमिस्टरची पेल सुरळीत मंजूर झाली, दोनच विषय म्हणून कमी. मग पुढच्या वर्षाचा नवा फॉर्म भरायला त्याला मी आत, माझ्या टेबलाशी बसवलं. काचेतून नाही.

तोच प्रश्न आला. त्याने पेन थांबवलं. मी वर्कशीट पुढे केलं. शिक्षेला वर्ष उलटून गेलेलं, पुढचं पूर्ण वर्ष पात्र, उत्तर १.

“ज्यांनी कधीच काही केलेलं नाही, ते काय लिहितात?”

“तेही १.”

त्याने चौकोनात १ लिहिला. मग पेनाने तोच आकडा पुन्हा गिरवला, जरा जाड.