आमची वाटचाल : हरवलेल्या कानातल्याची जोडी

आमच्या दागिन्यांच्या कार्यशाळेत सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे करवतीची एक फ्रेम. ज्यांच्या हाताखाली मी चार वर्षं बसले, त्या कारागिरांनी काम थांबवताना ती मला दिली. लाकडी मूठ त्यांच्या तळव्याच्या आकाराने झिजलेली आहे. पातं नीट ताणलं की नखाने छेडल्यावर ते बारीक वाजतं. वाजलं नाही, तर कापायला बसू नये. हे त्यांनीच शिकवलं.

सुरुवातीला आम्ही दुसऱ्यांसाठी घडणावळीवर कामं केली. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

आमचं स्वतःचं काम सुरू झालं ते एका बाईंमुळे. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. आईचं एकच कानातलं घेऊन आल्या, दुसरं कधीच हरवलं होतं. म्हणाल्या, "तसंच दुसरं करून दे." मी ते चार दिवस समोर ठेवून बसले. हुबेहूब केलं असतं, तर हरवलेलं खोटं ठरलं असतं. म्हणून 925 च्या, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध असलेल्या चांदीची 0.8 मिलिमीटर जाडीची तार घेतली आणि हरवलेल्याची फक्त बाह्यरेषा केली. आत काही नाही. गंधकाच्या द्रावणात ती काळी केली. बाईंनी दोन्ही कानांत घातली, आरशात बघितलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यातून सुरू झालेल्या मालिकेला आम्ही 'उरलेलं एक' म्हणतो.

अनुपस्थितीचा दागिना ही कल्पना माझीच पहिली, असा दावा मी करत नाही. डच दागिनेकार हाइस बाकर यांनी 1973 मध्ये बारीक तार अंगाला घट्ट आवळून काढून घेतली आणि त्वचेवर उमटलेला वळ हाच दागिना मानला. स्विस दागिनेकार ओटो क्युन्झली यांनी 1980 मध्ये सोन्याची गोळी काळ्या रबरी कड्यात बंद केली. बाहेरून दिसतो फक्त फुगवटा. आत सोनं आहे यावर विश्वास ठेवायचा, नाहीतर कडं कापायचं. 'वजन किती?' असं पहिल्यांदा विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे कडं सांगते. आमच्या तारेचं वजन दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही. सांधे मात्र अकरा आहेत. डाख म्हणजे सांधा जोडायला वितळवायचा मिश्रधातू. कडक डाख सगळ्यात जास्त उष्णतेला वितळते, ती आधी, मग मध्यम, शेवटी मऊ, म्हणजे पुढचा सांधा देताना मागचा उघडत नाही. पैसे त्या अकरा सांध्यांचे असतात.

आता आमच्या अवघड वर्षाबद्दल. आमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या एका व्यवसायाने एकत्र प्रदर्शन करू म्हणून सहा नमुने मागवले. आम्ही पाठवले. प्रदर्शन पुढे ढकललं, पुन्हा ढकललं, नमुने पाच महिन्यांनी परत आले. पुढच्या हंगामात त्यांच्या काचेच्या कपाटात तीच बाह्यरेषा शेकड्याने लागली, आमच्या निम्म्याहून कमी किमतीत. त्यांची जाहिरात आधी पोहोचली होती, त्यामुळे नक्कल आम्हीच केली असं लोकांना वाटलं. तीन मोठ्या मागण्या रद्द झाल्या. दोन मदतनिसांना मला कामावरून कमी करावं लागलं. त्यातली एक मुलगी जाताना तिच्या टेबलावरचा चांदीचा चुरा झाडून, डबीत भरून, वर वजन लिहून गेली. ते आठवलं की मला अजून त्रास होतो.

त्यांचा एक नग विकत आणून मी भिंगाखाली धरला. आमचा 24 मिलिमीटर उंच, तो 23. आमच्या नगावरून रबरी साचा काढायचा, त्यात मेण भरायचं, मेणावरून धातू ओतायचा, की वस्तू थोडी आक्रसते. आमच्या सांध्यांवर डाखेचा रंग जरा वेगळा दिसतो. त्यांच्या नगावर सांध्यांचे उंचवटे होते, रंग मात्र सगळीकडे एकच. आणि आतल्या कडेला एक तिरका ओरखडा होता. माझ्या अर्धगोल कानशीचा एक दाता तुटलेला आहे, त्याचा तो ओरखडा. आणखी चार नग आणले. चारही नगांवर तो त्याच जागी होता.

बाईंना कळलं तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या. कानातून तार काढून कपाटाच्या काचेवर त्यांच्या नगाशेजारी ठेवली, पट्टी काढली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना एक मिलिमीटरचा फरक समजावत दुपारभर उभ्या राहिल्या. लेखी माफी आम्हाला कधी मिळाली नाही. पुढे तो माल कपाटातून गेला, एवढंच.

नवीन मुलामुलींनो, मूळ नमुना हातातून सोडू नका. पाठवायचाच असेल तर आधी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, वजन आणि तारीख लिहा, समोरच्याची सही घ्या. आणि कानशीचा तुटका दाता बदलायची घाई करू नका. माझी ती कानस मी अजून वापरते.

नंतर आमची घडी बसली, आज आम्ही पाच जण आहोत. बाई गेल्या महिन्यात आल्या होत्या, तारेचा वरचा सांधा सुटला होता म्हणून. मऊ डाख देऊन जोडला. रोज बोटं लागून तारेचा काळा रंग एका बाजूने गेला आहे, खालची चांदी दिसते. पुन्हा काळी करू का, विचारलं. "राहू दे," म्हणाल्या, आणि तिथेच कानात घातली.