डबी ६०६१ ची, झाकण ४०४७ चे

६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची डबी आणि त्याच धातूचे झाकण लेसरने जोडले, तर वेल्ड वरून चकचकीत दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की मधोमध केसाएवढा तडा सापडतो. ही चूक मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा उगाच लेसरची शक्ती कमी-जास्त करत बसलो.

६०६१ सुमारे ६५२ अंश सेल्सियसला गोठू लागते आणि ५८२ अंशांच्या आसपास पूर्ण घट्ट होते. या सत्तर अंशांच्या टप्प्यात घट्ट झालेल्या कणांमध्ये वितळलेल्या धातूच्या रसाचा पातळ थर उरलेला असतो, आणि नेमका तेव्हाच जोड आकसत असल्यामुळे, फट भरायला रस पुरला नाही की तिथे तडा जातो. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन १ टक्क्याच्या आसपास असताना ही खोड सर्वात जास्त असते. ६०६१ मध्ये ते ०.४ ते ०.८ टक्के असते, म्हणजे अगदी वाईट जागी.

४०४७ या दुसऱ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूमध्ये मात्र सिलिकॉन ११ ते १३ टक्के असते आणि ते पाचेक अंशांतच गोठते. म्हणून झाकणच ४०४७ चे घेतले, तर जोडात सिलिकॉन घालायला वेगळी भरणाची तार लागत नाही. दोन्हींचा रस निम्मानिम्मा मिसळला, तर सिलिकॉन ६ टक्क्यांच्या घरात राहते आणि पुरेसा रस शेवटपर्यंत टिकतो.

पण हे निम्मेनिम्मे आपोआप साधत नाही. किरण डबीकडे जरासा सरकला, की सिलिकॉन घटत जाऊन पुन्हा त्याच वाईट जागेकडे येते. एक जोड कापून, घासून पाहिला, तेव्हा दोन धातू न मिसळल्याचे भोवरे स्पष्ट दिसत होते आणि तडा डबीच्या बाजूच्या फिकट पट्ट्यातच होता. तेव्हापासून मी किरण मुद्दाम किंचित झाकणाकडे ठेवतो.

ही युक्ती ५०८३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूला लावू नये. त्यातील भरपूर मॅग्नेशियम सिलिकॉनशी संयुग करते आणि जोड ठिसूळ होतो. शिवाय मॅग्नेशियम १०९१ अंशांनाच उकळत असल्याने शिंतोडे उडतात, ते वेगळेच.

एवढे करूनही वेल्ड जिथे संपते, त्या खळग्यात तडा राहू शकतो. तिथे लेसर एकदम बंद न करता शक्ती हळूहळू उतरवावी लागते.