आयसिस अपडेट: हात निर्दोष, मालक दोषी

सापडलं! आयसिस म्हणजे एअरबसमधलं क्षितिज, वेग आणि उंची दाखवणारं छोटं राखीव उपकरण; माझं घरी केलेलं आहे. त्याकडे बघून उडवताना सिम्युलेटरमधलं विमान तीन आठवडे झोपाळ्यासारखं का झुलत होतं, ते काल रात्री साडेअकराला सापडलं. कारण इतकं लाजिरवाणं आहे की आधी वाटलं, गुपचूप दुरुस्त करावं आणि गप्प बसावं. पण मागच्या वेळी मी इथेच "आयसिसचं क्षितिज कसं लोण्यासारखं फिरतंय बघा" म्हणून मिरवलं होतं. ते लोणीच नडलं.

सराव तोच, आधी लिहिलेला: मुख्य उपकरणं गेली असं धरून राखीव उपकरणांवर उतरायचं. एक्स-प्लेन १२ हा सिम्युलेटर, त्यात टोलिसचं एअरबस ए३२०, तिन्ही एडीआर (वेग-उंची काढणारे संगणक) बंद, पीएफडी (मोठं क्षितिज दाखवणारा मुख्य पडदा) आणि एनडी (नकाशाचा पडदा) यांवर वहीचं पुठ्ठं. उरलं काय, तर आपलं घरी केलेलं आयसिस, वर काचेजवळचं होकायंत्र आणि इंजिनांचं एन१ (पुढच्या पंख्याची गती). समुद्रावर सहा हजार फुटांवरून सुरुवात, आयसिसवर एलएसचं बटण दाबून मुंबईच्या धावपट्टी २७ वर आयएलएसने, म्हणजे रेडिओ संकेतांच्या वाटेने, उतरायचं.

पहिल्या तीन मिनिटांतच पाच अंश डावीकडे, मग सात उजवीकडे, मग दहा डावीकडे. दुरुस्त करायला जावं तितकं वाढत जायचं. एकदा तर पंधरापर्यंत गेलं आणि मी चक्क पुठ्ठं काढून फेकलं.

नेहमीच्या उड्डाणात हे कधीच जाणवलं नव्हतं, आणि त्यामुळेच मी फसलो. नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे विमानाच्या संगणकाची पूर्ण मदत असताना, साइडस्टिक (हातातली काडी) रोलचा, म्हणजे डावी-उजवीकडे कलण्याचा, वेग मागते; काडी सोडली की विमान आहे त्या कलावर थांबतं. एडीआर गेले की अल्टरनेट लॉ, म्हणजे मदत कमी, आणि त्यात रोल डायरेक्ट. म्हणजे काडी जितकी वळवाल तितके एलेरॉन (पंखांवरच्या कल देणाऱ्या झडपा) हलणार, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. तेव्हा मी सरळ निष्कर्ष काढला: आपला हात जड आहे.

आपल्या गटातल्या निवृत्त कॅप्टनकाकांना फोन केला. ते म्हणाले, "मुठीत धरू नका हो. दोन बोटं, कोपर टेकलेलं. थोडं द्या, सोडा, आणि बघा काय होतंय. मग पुढचं." सहा महिन्यांनी सिम्युलेटरची तपासणी असायची, तेव्हा फ्लाइट डायरेक्टर (विमान कुठे न्यायचं ते दाखवणाऱ्या रेषा) बंद झाला की भल्याभल्यांची मूठ आवळायची, असंही म्हणाले. एअर फ्रान्स ४४७ चं उदाहरण त्यांनीच दिलं. १ जून २००९ ला वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाने तुंबल्या, ऑटोपायलट सुटला, अल्टरनेट लॉ आला. फ्रान्सच्या बीईए या अपघात-तपास संस्थेचा २०१२ चा अहवाल वाचला तर दिसतं की उडवणारा वैमानिक सुरुवातीला रोल सावरण्यातच झगडत होता, आणि त्याच वेळी नाक वर ओढत राहिला. पुढे स्टॉल, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि २२८ माणसं गेली. त्यानंतर उंचावर हाताने उडवण्याच्या आणि भरवशाचा वेग दिसत नसताना उडवण्याच्या प्रशिक्षणावर भर वाढला. आपल्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेले आकडे त्याच प्रसंगासाठीचे: थ्रस्ट रिडक्शन उंचीच्या (उड्डाणानंतर इंजिनांचा जोर कमी करतात ती उंची) खाली नाक १५ अंश वर आणि टोगा (पूर्ण जोर), त्यावर एफएल१०० (दहा हजार फूट) पर्यंत १० अंश आणि क्लाइंब (चढण्याचा जोर), त्याहून वर ५ अंश आणि क्लाइंब. वेगाकडे बघायचंच नाही, नाक आणि इंजिन जागेवर ठेवायचं.

काकांचा सल्ला लागू पडला. झुलणं दहावरून पाच-सहा अंशांवर आलं. आणि इथेच घोळ झाला, कारण "थोडं द्या आणि थांबा" हा उशीर झाकायचा उत्तम उपाय आहे! औषधाने ताप उतरला म्हणून मी रोग शोधायचा सोडून दिला. दोन आठवडे रोज रात्री दोन बोटांनी काडी धरून बसलो.

शेवटी पोरगा कामी आला. तो स्वतःची बोलिंग ॲक्शन फोनवर स्लो-मोमध्ये काढत असतो. म्हणाला, "बाबा, तुमचं ते छोटं घड्याळ मोठ्याच्या मागून हलतंय असं वाटतंय. काढू का?" पुठ्ठं उचललं, पीएफडी आणि आयसिस एकाच चौकटीत घेतले, मी काडीला झटका दिला. सेकंदाला २४० फ्रेम. पीएफडीचं क्षितिज हलल्यापासून आयसिसचं हलेपर्यंत आम्ही दोघांनी फ्रेम मोजल्या. ७८. एक फ्रेम चार मिलीसेकंदांहून जराशी मोठी, म्हणजे सव्वातीनशे मिलीसेकंद. अहो, एवढ्या वेळात तर मी उलटी दुरुस्तीही देऊन मोकळा होतोय!

मग हिशोब मांडला.

एक्स-प्लेन आयसिसला माहिती पाठवतो ती यूडीपी पाकिटं सेकंदाला २० वर ठेवलेली, म्हणजे दोन पाकिटांत ५० मिलीसेकंद. सरासरी २५ तिथे गेले. स्क्रीन ४८० बाय ३२०, १६ बिट रंग, म्हणजे पूर्ण चित्राचे साधारण २४.६ लाख बिट. पडद्याला चित्र पोचवणारी एसपीआय जोडणी २० मेगाहर्ट्झवर. एक चित्र काढायला १२३ मिलीसेकंद, आणि मी दर वेळी अख्खी स्क्रीन नव्याने रंगवत होतो. हे दोन मिळून दीडशे. उरलेले पावणेदोनशे कुठले?

ते लोण्याचे. पाकिटं कमी येत असल्यामुळे क्षितिज अडखळायचं, म्हणून मीच कोडमध्ये शेवटच्या आठ वाचनांची सरासरी टाकली होती. आठांची सरासरी म्हणजे साडेतीन वाचनांचा उशीर. साडेतीन गुणिले ५०, झाले १७५. क्षितिज गुळगुळीत दिसायचं खरं, पण दिसायचं ते मगाचं. ही ओळ मीच लिहिली होती, वर तिची फुशारकीही मारली होती. पोरगा हसून लोळला.

सरासरी काढून टाकली. पाकिटं ६० केली; अडखळणं आपोआप गेलं, म्हणजे सरासरीची गरज मुळात नव्हतीच. आता सगळी स्क्रीन न रंगवता फक्त मधला २४० बाय २४० चा चौकोन सतत रंगवतो, वेग आणि उंचीच्या पट्ट्या बदल झाला तरच. एसपीआय ४० वर नेला तर पडद्यावर रांगोळी उमटली. दोष तारांचा. वीतभर लांबीच्या जंपर तारा काढल्या, बोटभर लांबीच्या थेट डाग देऊन जोडल्या, आणि चित्र स्वच्छ. पुन्हा स्लो-मो: १२ फ्रेम, म्हणजे ५० मिलीसेकंद. हे चालेल.

जाता जाता: पडदा ऑनलाइन घेऊ नका. माझा "आयपीएस" (तिरकं बघितलं तरी रंग न बदलणारा) म्हणून आला तो आयपीएस नव्हताच. आयसिस मधल्या पॅनेलवर असल्याने डाव्या खुर्चीतून तिरकं बघावं लागतं, आणि तिरकं बघितलं की आकाश तपकिरी दिसतं. परत घ्यायलाही विक्रेता तयार नाही. दुसरा पडदा बुधवार पेठेत जाऊन, दुकानदाराला चालू करून दाखवायला लावून, चारही बाजूंनी बघून घेतला. दीडशे रुपये जास्त गेले, गेले.

काल रात्री साडेबाराला पुठ्ठं लावलं. झुलणं दोन अंशांच्या आत. होकायंत्र वळणात चुकीचं दाखवतं, म्हणून त्यावरून उत्तरेकडे वळताना आधीच आणि दक्षिणेकडे वळताना पुढे जाऊन सरळ करायचं, ते मुंबईच्या अक्षांशावर फार त्रास देत नाही. गिअर (विमानाची चाकं) खाली घेतला की पिचही, म्हणजे नाक वर-खाली करणं, डायरेक्ट होतं आणि ट्रिमचं (नाकाचा तोल राखणारं) चाक हाताने फिरवावं लागतं, तिथे उंची दोनशे फूट इकडेतिकडे झाली. पण लोकलायझर (धावपट्टीच्या मध्यरेषेचा संकेत) एका टिंबाच्या आत, आणि धावपट्टीचे दिवे नाकासमोर! घरात सगळे झोपलेले, त्यामुळे ओरडता आलं नाही.

आपल्यातल्या एकाने विचारलं होतं की आयसिस म्हणजे तिसरं, स्वतंत्र मत ना? क्षितिजाबाबत हो, त्याचे जायरो (कल ओळखणारे भाग) त्याचेच. वेग-उंचीबाबत तितकंसं नाही. एडीआर ३ आणि आयसिस एकाच स्टँडबाय पिटो-स्टॅटिकवर, म्हणजे हवेचा दाब घेणाऱ्या त्याच राखीव नळ्यांवर, जगतात. ती नळी तुंबली तर दोघंही एकदम खोटं बोलणार, आणि तुम्हाला वाटणार दोन साक्षीदार जुळले.

पुढचं काम होकायंत्राच्या दिव्याचं ठरलं होतं. पण साक्षीदारांचं लिहितानाच वाटलं, पुठ्ठं हा सोपा सराव आहे. पुठ्ठ्यामुळे काय गेलंय ते आधीच कळतं. १ जानेवारी १९७८ ला सांताक्रूझहून रात्री निघालेल्या एअर इंडिया ८५५ मध्ये कॅप्टनचं क्षितिज काळं पडलं नव्हतं. ते उजव्या कलावर अडकलं होतं. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं, आणि कॅप्टन डावीकडे वळवत गेले. फ्लाइट इंजिनिअरला फरक दिसला होता, पण वेळ उरला नाही. वांद्र्यासमोर समुद्रात २१३ जण गेले. काळोख, खाली पाणी, बाहेर क्षितिज नाही.

तेव्हा दिवा राहू दे. पीएफडीचं चित्रही शेवटी माझ्याच दुसऱ्या स्क्रीनवर जातं, त्यात फक्त रोलचा आकडा गोठवणारी एक ओळ टाकायची आणि ती चालवायचं बटण पोराच्या लॅपटॉपवर द्यायचं. २७ वरून रात्रीचं उड्डाण, किनारा ओलांडून उजवं वळण, आणि कधीतरी ते गोठणार. आयसिस आता ५० मिलीसेकंदांत खरं सांगतंय, प्रश्न माझी नजर तिथे कधी जाते एवढाच. ओळ लिहून झाली आहे. पोराची अट अशी की दहा उड्डाणं सलग करायची, आणि कितव्यात बटण दाबणार ते तो सांगणार नाही. दोन झाली. दोन्हीत काही झालं नाही, आणि मी दोन्ही वेळा दर चार सेकंदांनी आयसिसकडे बघत होतो, म्हणून तो म्हणतो ही फसवणूक आहे, मोजायची नाहीत.