काटकोनातलं दुसरं माप

नववीत विज्ञानाच्या सरांनी स्क्रू गेज हातात दिलं आणि तारेचा व्यास मोजायला सांगितला. मी एकदा मोजला, वहीत उतरवला आणि गेज शेजारच्याला दिलं. सर म्हणाले, "दुसरं माप कुठंय?" तार त्याच जागी काटकोनात फिरवून पुन्हा मोजायची, हे त्यांनी त्या दिवशी माझ्याकडून पाच वेळा करून घेतलं. तार गोलच, मग दोनदा कशाला? हा प्रश्न मी मनातच ठेवला.

उत्तर मिळालं ते ट्रकच्या एका जुन्या, सहा सिलिंडरच्या ब्लॉककडून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याकडून. मी तेव्हा इंजिन दुरुस्तीच्या कामाला नवा होतो. ब्लॉक धुऊन समोर आला होता. लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्यात, बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) सोडून वर, मध्ये, खाली अशी मापं घेतली, पण सगळी क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, लांबीच्या दिशेनं. झीज ०.०५ मिमीच्या आसपास. "लायनर चालतील, पिस्टनच्या रिंगा बदलू," मी सांगून टाकलं.

उस्तादांनी काही न बोलता गेज काटकोनात फिरवलं. हलकेच डोलवलं, काटा जिथून परत वळतो ते खरं माप. वरच्या बाजूला झीज ०.२२ मिमी! मला ती वही आठवली आणि फार ओशाळल्यासारखं झालं.

पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होतो तेव्हा पिस्टन भिंतीवर रेटला जातो, तो क्रँकच्या आडव्या दिशेनं. म्हणून भोक गोल राहत नाही, लंबगोल होतं. त्यात वरच्या टोकाला पहिली रिंग क्षणभर थांबून उलटते, तिथं वायूचा दाब सर्वांत जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. रिंग पोहोचत नाही तिथलं लोखंड मात्र जसंच्या तसं राहतं. ती कडा नखाला लागते.

लायनर ओढून काढले तर बाहेरून, नेमक्या त्याच बाजूला, टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे. पिस्टनच्या आपटण्यानं लायनर थरथरतो, भोवतीच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात बुडबुडे होतात आणि पृष्ठभागावर फुटून लोखंड खातात. एक खड्डा जवळजवळ आरपार गेला होता. रिंगा बदलून इंजिन बांधलं असतं, तर पुढं पाणी तेलात उतरलं असतं.

ब्लॉक मात्र धडधाकट निघाला. वरचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) कर्णरेषांवरही तपासला. लाल रंग लावून, पुसून, वर पांढरा फवारा मारला आणि आम्ही वाट पाहत बसलो. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. बेअरिंगच्या आधारांवर, बोल्टच्या भोकांपाशी, कुठंच उमटली नाही. त्या वेळी झालेला आनंद अजून आठवतो.

त्यातला एक लायनर मी जपून ठेवला होता. आपल्या शाळेच्या महोत्सवानिमित्त तो तिथल्या प्रयोगशाळेला देतो आहे. मुलांनी आतली कडा नखानं चाचपावी, बाहेरचे खड्डे पाहावेत, व्यास मोजावा. सर, वहीत दोन रकाने आखायला सांगा.