मिचेलला अर्धा तास नाही, अख्खा दिवस द्या

शिकागो किंवा मिनियापोलिसहून माउंट रशमोरला निघालेली मराठी मंडळी साउथ डकोटातल्या मिचेलला उतरतात, कॉर्न पॅलेस म्हणजे मक्याच्या महालासमोर फोटो काढतात आणि लगेच आय-९० महामार्ग गाठतात. आम्ही ऑगस्टअखेरीस तिथे दिवसभर राहिलो. तुम्हीही राहा, असा माझा आग्रह आहे.

मक्यात पहिला नंबर आयोवाचा. ‘कणसं सोलणाऱ्यांचं राज्य’ ही १९४५ पासून नेब्रास्काची अधिकृत ओळख. पण मक्याचा महाल जपला तो मिचेलनं. साउथ डकोटा १८८९ मध्ये राज्य झालं आणि १८९२ मध्ये गावकऱ्यांनी कणसांनी मढवलेली इमारत उभी केली. इथली माती पिकते, वस्तीला या, हे बाहेरच्यांना पटवायचं होतं. आयोवातल्या सू सिटीनं त्याआधी, १८८७ पासून, असेच महाल बांधले होते. ते काही वर्षांतच थांबले. मिचेलची आजची इमारत १९२१ ची आहे.

भिंतींवरची चित्रं जवळ जाऊन बघा. डांबरी कागदावर आराखडा काढून प्रत्येक भागात रंगाचा क्रमांक लिहितात, मग कणसं उभी चिरून खिळ्यांनी ठोकतात. लाल, निळसर, काळपट, शेंदरी हे सगळे रंग दाण्यांचे अंगचेच. मक्याचे पराग वाऱ्यावर उडतात आणि रंगांची सरमिसळ होते, म्हणून प्रत्येक रंगाचा मका वेगळ्या शेतात लावावा लागतो. दरवर्षी नवी चित्रं लागतात आणि कणसं ठोकायचं काम उन्हाळा सरताना सुरू होतं. पूर्ण झालेल्या भिंतीपेक्षा ते काम बघण्यात मी जास्त रमले. प्रवेश मोफत आहे. आत बास्केटबॉलचं मैदान आहे, गावातल्या शाळा-कॉलेजांचे सामने तिथेच होतात.

तिथून गाडीनं काही मिनिटांवर, लेक मिचेलच्या काठी, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मूलनिवासी शेतकऱ्यांच्या गावाचं उत्खनन आहे. ते मका पिकवायचे. बायसनच्या (अमेरिकेतल्या रानगव्याच्या) खांद्याच्या हाडाची कुदळ करायचे. उत्खननावर मोठा घुमट बांधलाय, त्यामुळे ऊन-पावसाची चिंता नाही. साउथ डकोटाची मक्याची ओळख राज्याच्या जन्माआधी कितीतरी शतकं या लोकांनी घडवली. महाल बघून हे गाव चुकवलं, तर मक्याची अर्धीच गोष्ट कळते. तिकीट आहे, आणि हिवाळ्यात जाणार असाल तर वेळा आधी तपासा.

ऑगस्टमध्ये मका डोक्याच्या वर वाढलेला असतो, त्यामुळे शेतांमधल्या चौकात आडव्या रस्त्याची गाडी दिसत नाही. तिथे पूर्ण थांबूनच पुढे जा. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. कुणाच्या शेतातलं कणीस तोडू नका. जमीन खासगी असते, आणि त्यातला बहुतेक मका जनावरांच्या खाद्याचा आणि इथेनॉलचा, भाजून खायचा नव्हे. गोड कणसं रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मिळतात, सुटे डॉलर जवळ ठेवा. पुढे रॅपिड सिटीकडे जाताना घड्याळ एक तास मागे जातं, हॉटेलचं बुकिंग त्या हिशेबानं करा.