येताना झगा घेऊन ये

दादाला मेसेज पाठवला : "येताना माझा राखाडी स्वेटर आण. दारामागच्या खुंटीला आहे. उशाशी पडलेली पुस्तकं पण आण, निदान ती जाड वही तरी नक्की. आणि लवकर ये, थंडी वाढायच्या आत." पाठवला, फोन खाली ठेवला आणि लगेच पुन्हा उचलून वाचला. हे मी कुठेतरी वाचलंय. वाचलंय कसलं, उभं राहून मोठ्याने म्हटलंय.

लहानपणी संध्याकाळच्या प्रार्थनेला आमच्याकडे बायबलचा अध्याय आळीपाळीने वाचायचा, एकेकाने एकेक वचन. सुरुवात धाकट्यापासून, म्हणजे माझ्यापासून. मग दादा, मग आई, शेवटी बाबा, की पुन्हा मी. कुणाच्या वाट्याला काय येईल ते नशिबावर, आणि माझं नशीब या बाबतीत कायमचं खोटं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय निघाला की सातवं वचन आईला मिळायचं : सुयुद्ध केलं, धाव संपवली, विश्वास राखला. आठवं बाबांना, त्यात नीतिमत्त्वाचा मुकुट. आणि तेरावं मला. त्रोवस गावी कार्पाजवळ ठेवलेला झगा येताना घेऊन ये, पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं.

मी ते किराणामालाची यादी वाचावी तसं वाचून टाकायची. चौदावं दादाचं. आलेक्सांद्र तांबटाने माझं पुष्कळ वाईट केलं, असं ते वचन आहे. दादा ते इतकं चवीने वाचायचा की बाबा चष्म्यावरून बघायचे. पुढे कितीतरी वर्षं, वर्गात कुणी छळलं की दादा घरी येऊन म्हणायचा, "आज तांबट भेटला होता."

सांगायचं तर माझ्या वाट्याला आलेल्या त्या वचनाची मला लाजच वाटायची. रविवारी वचन पाठ म्हणून दाखवताना मुलं मेंढपाळाचं स्तोत्र म्हणायची, प्रेमावरचा अध्याय म्हणायची. झग्याचं वचन कोण म्हणून दाखवणार?

आता मेसेज पाठवून झाल्यावर तो अध्याय पुन्हा काढला. लिहिणारा प्रेषित पौल रोमला कैदेत आहे. शेवट जवळ आलाय हे त्याला कळलंय आणि तसं तो स्पष्ट लिहितो. एक सहकारी सोडून गेलाय, बाकीचे कुठे कुठे पांगलेत, जवळ उरलाय फक्त लूक. सुयुद्धाचं आणि मुकुटाचं ते भरजरी वाक्य लिहून झाल्यावर पाचच वचनं पुढे त्याला झगा आठवतो. खाली एकविसाव्या वचनात आणखी एक बारीकशी विनंती आहे : हिवाळ्याआधी येण्याचा प्रयत्न कर. लहानपणी या दोन वचनांची गाठ कधी घातलीच नव्हती, कारण एकविसावं वचनही माझंच असलं तरी तोवर मला झोप आलेली असायची. झगा हवाय, कारण थंडी येतेय. बस्स. मूळ ग्रीक शब्द प्रवासात अंगावर घ्यायच्या जाडजूड, बिनबाह्यांच्या वस्त्राचा आहे. माझा स्वेटरही काही देखणा नाही.

हे पत्र पौलाचंच की त्याच्यामागे त्याच्या नावाने कुणी लिहिलं, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. पौलाचंच म्हणणारे लोक पुराव्यादाखल हाच झगा दाखवतात. खोटं पत्र लिहिणारा माणूस थोर थोर गोष्टी लिहील, विसरलेल्या कपड्याबद्दल कशाला लिहील? दुसऱ्या बाजूचे म्हणतात, हुशार असेल तर नेमकं तेच लिहील. या वादात मी पडत नाही. पण पत्र कुणाचंही असो, लिहिणाऱ्याला थंडी ठाऊक होती, एवढं नक्की.

त्रोवस या गावाची आणखी एक आठवण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे, विसाव्या अध्यायात. माडीवर सगळे जमलेत, पुष्कळ दिवे लागलेत, आणि पौलाला दुसऱ्या दिवशी निघायचं असल्याने त्याचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलंय. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसलाय. त्याला पेंग येते, गाढ झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. लोक उचलायला जातात तर मेलेला. पौल खाली उतरतो, त्याला कवटाळतो, घाबरू नका म्हणतो, याच्यात जीव आहे म्हणतो. मग वर जाऊन भाकर मोडून खातो आणि पुन्हा उजाडेपर्यंत बोलतो! पोरगा वाचला म्हणून लोकांना फार समाधान वाटलं, असं पुढे लिहिलंय. भाषणाबद्दल लोकांना काय वाटलं ते लिहिलेलं नाही. लांबलेल्या उपदेशात माझी मान खाली जाते तेव्हा मी युतुखाला मनातल्या मनात हात जोडते आणि खिडकीपासून लांब बसते.

वचनांना हे आकडे मुळात नव्हतेच. नव्या कराराची आज चालते ती वचनांची विभागणी रोबेर एस्तिएन नावाच्या पॅरिसच्या मुद्रकाने 1551 साली छापली. त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय की बापाने ते काम पॅरिसहून लिओंला जाताना, प्रवासात उरकलं. सोय झाली हे खरं, पण वचन अध्यायातून सुटं काढून भिंतीवर टांगायची सोयही तिथेच झाली. माझी मात्र त्या मुद्रकाबद्दल वेगळ्या कारणासाठी तक्रार नाही. त्याने मुकुटाला 8 दिला तसा झग्यालाही 13 दिला. लहान अक्षरात छापला नाही, कंसात टाकला नाही.

भिंतीवर टांगण्यावरून आठवलं. सध्या मी आईकडे राहतेय. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. चार दिवस म्हणून आले होते, तीन आठवडे झाले. म्हणून तर तो स्वेटर. भेटायला आलेल्या कुणीतरी एक फ्रेम दिली. सोनेरी कडा, मागे सूर्योदय, आणि यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन : तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. आईला फ्रेम समोरच्या भिंतीवर हवी होती. शेजारच्या काकांकडून ड्रिल मशीन मागून आणलं. मला ते चालवता येतं असा माझा समज होता. पहिल्याच भोकाला कट्ट झालं, आणि ड्रिलचं पातं निम्मं भिंतीत, निम्मं माझ्या हातातल्या मशीनमध्ये. स्टुलावर उभी असताना तोंडातून निघालं, "अगं बाई, दुसऱ्याचं होतं गं!"

आई डोळ्याला हिरवी पट्टी लावून पडली होती. पडल्या पडल्या म्हणाली, "कुऱ्हाड बुडाली वाटतं."

घरात पवित्र शास्त्र असं वापरात असलं की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात संदेष्ट्यांचे शिष्य यार्देनेकाठी लाकडं तोडायला गेलेत. राहायची जागा अपुरी पडतेय, नवी बांधायचीय. एकाच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटतं आणि पाण्यात पडतं. तो ओरडतो, पण पातं गेलं म्हणून नव्हे, ते मागून आणलेलं होतं म्हणून! त्यांच्याबरोबर आलेला संदेष्टा अलीशा विचारतो, कुठे पडलं? जागा दाखवल्यावर तिथे एक लाकूड तोडून टाकतो, आणि लोखंड तरंगतं. मग म्हणतो, घे उचलून. आणि तो हात घालून घेतो.

लोखंड तरंगलं कसं, यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मला त्या गोष्टीत तो ओरडणारा माणूस जास्त जवळचा वाटतो. राजे, लढाया, दुष्काळ, वेढे यांनी भरलेल्या पुस्तकात एका माणसाच्या उसन्या हत्याराला सात वचनं दिलीत. सात! काही राजांची आख्खी कारकीर्द याहून कमी जागेत गुंडाळलीय.

मी भिंतीवर लाकूड टाकून पाहिलं नाही. पकडीने ओढून पाहिलं, निघालं नाही. नवं पातं आणून मशीन परत केलं आणि काकांना खरं काय ते सांगितलं. फ्रेम एका बाजूला सरकवून दुसऱ्या भोकात लावली. आता ती मध्यावर नाही, आणि तिच्या शेजारी भिंतीतून लोखंडाचं टोक चमकतं.

फ्रेमवरच्या वचनाबद्दल बोलायचं तर ते खोटं नाही, पण एकटं पडलंय. तेही एका पत्रातलंच. यिर्मयाने ते यरुशलेमहून बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिलं. अलीकडच्या वचनांत तो त्यांना सांगतो की घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा. म्हणजे बांधलेलं सामान उघडून लावा, इथे वेळ लागणार आहे. किती वेळ, ते दहाव्या वचनात आहे : सत्तर वर्षं. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा छातीठोकपणे दोन वर्षांत सगळं परत मिळेल म्हणाला होता. तो खोटा ठरला. फ्रेमवाल्यांच्या हाती हनन्याचं वाक्य लागलं असतं तर सूर्योदय त्याच्याही मागे शोभला असता. आईला हे म्हटलं तर म्हणाली, "ऑपरेशनच्या माणसाला कुणी सत्तर वर्षांची फ्रेम देतं का? काहीतरीच तुझं." यावर मला उत्तर सुचलं नाही.

तिला सध्या वाचता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी वाचते. तिचं पुस्तक जुनं, पानं कांद्याच्या सालीसारखी. स्तोत्रसंहितेच्या भागात अंगठ्याने खालचा कोपरा काळवंडलाय. गणना आणि लेवीय अजून कोरे करकरीत. मध्ये एक औषधाची चिठ्ठी, बाबांचा एक पासपोर्ट फोटो, आणि दादाच्या अक्षरात पेन्सिलीने चौदाव्या वचनाशेजारी एक फुली. परवा रोमकरांस पत्र संपवत होतो. सोळावा अध्याय म्हणजे नुसते नमस्कार. याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. मी चार नावं गाळून पुढे गेले तर आईने पट्टीखालूनच पकडलं. "नावं गाळू नकोस. ती माणसं आहेत."

मग मागे जाऊन सगळी वाचली. त्यात एक आहे रूफ. त्याला सलाम सांगा, आणि त्याच्या आईला; ती माझीही आईच आहे, असं पौल लिहितो. त्या बाईचं नाव दिलेलं नाही. तिने पौलासाठी काय केलं तेही नाही. जेवायला वाढलं असेल, आजारपण काढलं असेल, कुणास ठाऊक, झग्याला ठिगळही लावलं असेल. वचनाचा आकडा पाहिला. तेरा. मी आईला ते सांगितलं. ती म्हणाली, "मग पुन्हा वाच, तुझंच आहे."

दादाचं उत्तर तासाभराने आलं होतं : "आणतो. चर्मपत्रं पण?" म्हणजे त्यालाही ते लक्षात होतं.

शनिवारी संध्याकाळी तो आला. हिवाळ्यापूर्वी नाही, चांगला थंडीतच आला. पिशवीतून स्वेटर काढून माझ्या अंगावर फेकला, एक बाही उलटी, खिशात माझाच जुना रुमाल. मी पिशवी उलटी करून झटकली.

"आणि वही?"

"कार्पाकडे राहिली," तो म्हणाला, आणि आईच्या खाटेशी जाऊन बसला.