सकाळचं दूध आणि सर्व्हरचं घड्याळ : आमची वाटचाल

२०११ साली कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गाळ्यात मी आणि माझ्या भावानं फर्म सुरू केली, तेव्हा आमच्याकडे चार सर्व्हर होते. तीन गावच्या दूध संस्थांचे आणि एक पतसंस्थेचा. सॉफ्टवेअर आमचंच आणि सर्व्हर लावून द्यायचं कामही आमचंच. ते सगळं हातानं चालायचं. एकेक कमांड टाकायची, एकेक फाइल उघडून बदलायची आणि काय काय केलं ते एका २०० पानी वहीत लिहून ठेवायचं. ती वही आजही कपाटात आहे.

वहीत जे लिहिलं जातं ते झालेलंच असतं असं नाही, हे आम्हाला एका दूध संस्थेनं शिकवलं. भाड्यानं घेतलेला नवा सर्व्हर लावून दिला होता. दहा-बारा दिवसांनी संस्थेच्या सचिवांचा फोन आला, "ताई, सकाळचं दूध काल पडलंय." मला आधी कळेचना. आमच्या भागात गावच्या संस्थेत पहाटे पाचला काटा सुरू होतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर राहिलं होतं. ती वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. त्यामुळे पाच ते साडेपाचच्या दरम्यान ज्या सभासदांनी दूध घातलं, त्यांची नोंद आदल्या तारखेला पडत होती. एरवी कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण ११ तारखेच्या पहाटेचं दूध १० तारखेत, म्हणजे आधीच्या बिलात गेलं आणि लोकांनी पासबुकं घेऊन संस्था गाठली. वहीत त्या सर्व्हरच्या पानावर 'वेळ – केली' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

त्यानंतर आम्ही शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या कमांडची फाइल, लिहायला लागलो. पहिल्यांदा चालवली की स्क्रिप्ट चोख काम करायची, खरा प्रश्न दुसऱ्यांदा चालवताना यायचा. 'फाइलच्या शेवटी ही ओळ जोड' असं सांगितलेलं असलं, की ती दर वेळी जोडणारच. एका सर्व्हरवर एकच ओळ सहा वेळा सापडली. मधेच वीज गेली तर काम कुठपर्यंत झालंय हेही कळायचं नाही. हळूहळू जुन्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवायचीच आम्हाला भीती वाटायला लागली.

२०१७ मध्ये भावानं अँसिबल हे सर्व्हर लावून देणारं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये आणलं होतं आणि २०१५ मध्ये रेड हॅटनं त्यांची कंपनी विकत घेतली होती. आम्हाला त्यातल्या दोन गोष्टी भावल्या. एक म्हणजे सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही. एसएसएचनं, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेनं, आत जाता आलं आणि तिथं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा असली की झालं. दुसरी गोष्ट जास्त मोठी. यात काय करायचं ते लिहायचं नसतं, काय असायला हवं ते लिहायचं असतं. 'घड्याळ कोलकाता वेळेवर (संगणकात भारतीय वेळेला हेच नाव आहे) असावं.' तसं आधीच असेल तर ते हात लावत नाही आणि हिरव्या अक्षरांत 'ठीक' म्हणतं. नसेल तर बदलतं आणि पिवळ्या अक्षरांत 'बदललं' म्हणून सांगतं. दहा वेळा चालवा, पहिल्या वेळेनंतर सगळं हिरवंच दिसायला हवं. आमची पहिली फाइल घड्याळाचीच होती.

मग उत्साहाच्या भरात दूध संस्थांसाठी एक लांबलचक फाइल लिहिली. पतसंस्थांचं काम आलं तेव्हा तिचीच नक्कल करून चार ठिकाणी बदल केले. वर्षभरात अशा पाच फायली झाल्या. फायरवॉलचा, म्हणजे सर्व्हरवर बाहेरून कुणाला येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्याचा, एक नियम आम्ही तीन फायलींत सुधारला आणि दोन फायलींत राहून गेला. म्हणजे वहीचंच दुखणं नव्या कपड्यांत परत आलं होतं.

तेव्हा दोन आठवडे नवं काम घेतलं नाही. पाचही फायली फोडल्या आणि प्रत्येक कामाची वेगळी, छोटी फाइल केली. घड्याळ, वापरकर्ते, फायरवॉल, डेटाबेस, वेब सर्व्हर, बॅकअप. कुठल्याही फाइलमध्ये कुठल्या संस्थेचं नाव नाही की पोर्ट क्रमांक नाही, त्या जागी चल, म्हणजे नंतर भरायच्या रिकाम्या जागा, ठेवले आणि त्यांत काय भरायचं ते प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलमध्ये लिहिलं. आता पतसंस्थेची मुख्य फाइल म्हणजे 'ही घे, ती घे, ही घे' अशा दहा-बारा ओळी. पासवर्ड व्हॉल्ट या अँसिबलच्या तिजोरीत कुलूपबंद आणि सगळं गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं. पुढं यातल्याच फायलींचे रोल, म्हणजे अँसिबलच्या रीतीनं बांधलेले संच, झाले, पण फायली फोडायचं खरं काम त्या दोन आठवड्यांतलं. आजवर या व्यवसायात घेतलेल्या निर्णयांत मी तो सगळ्यात वरचा मानते.

आणखी एक गोष्ट केली, जी मला अजून फार आवडते. प्रत्येक कामाचं नाव मराठीत लिहिलं. 'घड्याळ आपल्या वेळेवर लाव.' 'रूटला (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याला) थेट आत येऊ देऊ नको.' फाइल चालली की हीच वाक्यं पडद्यावर एकाखाली एक येतात. नवीन आलेल्या मुलाला किंवा मुलीला ती वाचत बसवलं, की सर्व्हर म्हणजे काय असतो ते निम्मं तिथंच कळतं.

चूक झाली ती त्यानंतरच, आणि ती आमची होती. एक फाइल दुसरीत घ्यायच्या दोन रीती आहेत. इम्पोर्ट केली तर ती सुरुवातीलाच आत मिसळते आणि तिला लावलेला टॅग, म्हणजे ठरावीक कामंच निवडून चालवता यावीत म्हणून लावलेली चिठ्ठी, आतल्या प्रत्येक कामाला लागतो. इन्क्लूड केली तर ती चालता चालता उघडते आणि टॅग फक्त त्या उघडण्याच्या ओळीला लागतो, आतल्या कामांना नाही. आम्ही बॅकअपची फाइल इन्क्लूड केली होती. २०१८ मध्ये दोन नव्या सर्व्हरवर घाईत 'फक्त बॅकअप' असा टॅग देऊन चालवली. फाइल उघडली गेली, आतलं एकही काम झालं नाही आणि पडद्यावर लाल काहीच आलं नाही. तीन आठवडे त्या दोन संस्थांचा बॅकअप नव्हता. भाऊ दुसऱ्याच कामासाठी बॅकअपची जागा मोकळी करत होता, तेव्हा त्याला त्यांचे फोल्डरच दिसले नाहीत. नुकसान झालं नाही, पण त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही संस्थांत स्वतः जाऊन आम्ही ते सांगितलं.

त्याच आठवड्यात एक नवी फाइल लिहिली. ती काही बसवत नाही, नुसती बघते. तिच्यातल्या मुख्य कामाचं नाव 'बॅकअप २४ तासांच्या आतला आहे का ते बघ.' नसेल तर लाल अक्षरांत थांबते. ती रोज सकाळी सगळ्या सर्व्हरवर चालते.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, उपसा केंद्रं बुडाल्यामुळे भर पुरात प्यायच्या पाण्यासाठी टँकर फिरत होते. आमच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर नदीकडच्या शाखेत, तळमजल्यावर. तो पाण्याखाली गेला. व्यवस्थापकांचा फोन आला, "ताई, लोकं घरदार सोडून शाळेत जाऊन राहिलीत, हातात पैसे नाहीत. वरच्या शाखेतून तरी द्यायला हवेत."

आदल्या रात्रीचा बॅकअप बाहेर, सुरक्षित होता. मुंबईतल्या क्लाउडवर कोरा सर्व्हर घेतला, अँसिबलच्या सर्व्हर-यादीत त्याचा पत्ता लिहिला, पतसंस्थेची फाइल चालवली. इन्व्हर्टरवर एक लॅपटॉप आणि फोनचं नेट. १९ मिनिटांत सर्व्हर उभा राहिला. डेटा चढवायला मात्र अडीच तास गेले, कारण नेट सारखं तुटत होतं. दुपारी वरच्या शाखेत पहिला सभासद दोन हजार रुपये घेऊन गेला, तेव्हा व्यवस्थापकांनी फोन करून तेवढंच सांगितलं. वहीवरून हा सर्व्हर लावायला आम्हाला दोन दिवस लागायचे. शिवाय वही बघून लावणारा आमचा जुना माणूस तोवर पुण्याला नोकरीला गेला होता.

त्यानंतर गिऱ्हाइकं वाढली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाठिंबा २०२१ च्या अखेरीसच संपणार. आमचे १४ सर्व्हर त्यावर होते. छोट्या फायली असल्यामुळे बदल फक्त दोन फायलींत करावे लागले आणि ते सगळे सर्व्हर तिच्यासारख्याच अल्मालिनक्सवर गेले. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या एसएसएच पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला गंभीर दोष बाहेर आला, तेव्हा कुठल्या सर्व्हरवर कुठली आवृत्ती आहे हे दहा मिनिटांत समोर होतं आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्ती बसली होती.

एका गोष्टीवर मात्र आम्ही अजून काम करतोय. सेटिंगची फाइल बदलली की सेवा पुन्हा सुरू करायचं काम अँसिबलमधला हँडलर करतो, पण तो सगळ्यात शेवटी. मधे एखादं काम फसलं तर हँडलर चालतच नाही. पुढच्या वेळी फाइल आधीच बदललेली दिसते, म्हणून सगळं हिरवं येतं आणि सेवा मात्र जुन्याच सेटिंगवर चालत राहते. जिथं हे धोक्याचं आहे तिथं आम्ही हँडलर मधेच, त्याच जागी चालवून घेतो. ३८ पैकी २५ सर्व्हरच्या फायली अशा तपासून झाल्या आहेत.

बाकीच्या १३ गडहिंग्लजहून आलेली आमची नवी सहकारी तपासते आहे. परवा तिनं विचारलं, "मॅडम, घड्याळाची फाइल सगळ्यात पहिली का घेतो आपण?" मी कपाटातून वही काढली आणि ते पान तिच्यासमोर उघडलं.